दोन हिसके

"सर, इंजिनाला स्काउटात घेतात का?"

हा प्रश्न माझा नव्हता. मुंगी आणि पोस्टमनची मुलगी, या माझ्या दोन मैत्रिणींनी तो मला आदल्या दिवशी पैजेवर दिला होता. "एवढी मोठी शहाणी झालीस ना, मग भर परिपाठात विचारून दाखव," असं मुंगी म्हणाली होती. आणि त्या वर्षी तर माझ्यात दम नुसता उतू चालला होता. नववीत गेले, शाळेच्या स्काउट पथकाची शिट्टी माझ्या गळ्यात आली आणि आपण काहीही करू शकतो असं मला वाटायला लागलं. मी हात वर केला, उभी राहिले, विचारलं.

अख्खी शाळा खो खो हसायला लागली. इंजिन म्हणजे कोण, हे पहिलीतल्या पोरांनाही माहीत होतं. नव्या स्काउट सरांना मात्र माहीत नव्हतं.

"इंजिन म्हणजे?"

"माझा दादा, सर. आमच्याकडे दोर वळायचं चाक आहे, ते तो फिरवतो. माझ्याहून मोठा आहे, पण डोक्याने लहान. बोलत नाही फारसा. ताकद मात्र बघत राहाल."

पुन्हा हशा. सर हसले नाहीत. हसू विरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "घेतात. मला तसाच वेगळा गट काढायचाय. गावात असे आणखी तिघं आहेत, मी हिंडून पाहिलंय. पण प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस लागतं, दर रविवारी. स्वयंसेवक. महिनाअखेर वरून साहेब बघायला येणार, तोवर चार माणसं उभी राहिली नाहीत तर गट मिळणार नाही. मला इथे कोण ओळखतं? तू शोधशील?"

"चुटकीसरशी, सर!"

मुंगीने पैजेचं लाल खोडरबर माझ्या हातावर आपटलं. मी ते दिवसभर मुठीत धरून हिंडले.

आमचं घर गावाच्या टोकाला आहे. घरापुढे झाडांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामधली लांबच लांब सरळ वाट. ती वाट म्हणजेच आमचा कारखाना. एका टोकाला चाक, चाकाला लोखंडी आकडे. दादा दांडा फिरवतो. बाबा कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, भारा बांधून मागे मागे चालत जातात आणि बोटांतून वाख सोडत राहतात, त्याला पीळ बसत जातो. आई पायरीवर बसून वाख विंचरते. तिच्या हातांना बारीक कुसळं लागलेली असतात, म्हणून ती आमच्या तोंडावरून हात फिरवत नाही, मनगट फिरवते.

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. विहिरींचं पाणी खाली खाली चाललं होतं, आणि पाणी जेवढं खाली जाई तेवढा दोर लांब लागे. सगळं गाव सुकत होतं आणि आमच्याकडे मान वर करायला फुरसत नव्हती. लोक दोर न्यायला यायचे तेही तोंड वाकडं करून. "तुमची बुवा चैन आहे. आभाळ कोरडं, घर ओलं!" बाबा दोराची वेटोळी त्यांच्या खांद्यावर ठेवायचे.

दादाला थांबायला बाबांनीच शिकवलं होतं. वाट इतकी लांब, की त्या टोकाची हाक चाकापर्यंत धड पोचत नाही. पूर्वी दादा कुणाच्याही हाकेला थांबायचा. मग रस्त्यावरची पोरं मुद्दाम ओरडायची, "इंजिन, थांब!" दादा थांबायचा, पीळ उलटा सुटायचा, दिवसाचं काम मातीत. तेव्हा बाबांनी त्याला खूण शिकवली. दोराला दोन हिसके बसले तरच थांबायचं. बाकी कुणी काही म्हणो, फिरवत राहायचं. मी तेव्हा लहान होते. आठवतं ते इतकंच, की काठी आणि बिस्कीट बाबांच्या एकाच हातात असायचं.

दादा पक्का शिकला. एकदा गांधीलमाशी चावून त्याचा कान पुरीसारखा फुगला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दांडा फिरतच होता. बाबा हे गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे.

त्या संध्याकाळी मी वाटेवर उलट्या पावलांनी बाबांच्या बरोबरीने चालायला लागले.

"बाबा, रविवारी दादाला स्काउटला न्यायचंय."

"तिथे काय करणार तो?"

"सॅल्यूट. शिट्टी. गाठी."

"गाठी?" बाबांची बोटं थांबली नाहीत. "जन्म दोरात गेला त्याचा, चड्डीची नाडी बांधता येत नाही अजून."

"म्हणून तर शिकायच्या."

"हे बघ टकळे," बाबा मला टकळीच म्हणतात, "पाऊस पडला की खुशाल ने त्याला. आत्ता चाक एक दिवस बंद ठेवलं तर लोक दुसरीकडे जातील. मग तुझे सर येणार का वाख विंचरायला?"

मी पायरीवर आईकडे गेले. ती फणीवरची नजर न काढता म्हणाली, "चाकापाशी बरा आहे तो. तिथे निदान त्याला कुणी दगड मारत नाही."

शेवटी एवढंच ठरलं, की संध्याकाळी चाक सुटल्यावर तासभर न्यायचं. मला तेवढं पुरे होतं. माणसं मिळाली की बाबा काय, कुणीही पाघळेल, अशी माझी खात्री होती.

मी सुरुवात टेलरकाकांपासून केली, कारण ते गोड बोलतात. "वा वा, फार चांगलं काम," ते तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाले. "स्कार्फ मी शिवून देतो, फुकट. हवे तेवढे ने. माणूस तेवढं मागू नकोस."

रिटायर्ड मास्तरांनी मला खुर्ची दिली, सेवेवर मोठं भाषण दिलं, आणि उठताना दोन्ही गुडघे दाबून दाखवले.

गिरणीवाल्या मावशींची मुलगी त्या चौघांतलीच. तिला दिसत नाही. मावशी पिठाने पांढऱ्याफटक झाल्या होत्या आणि गिरणी घरघरत होती, म्हणून मी ओरडून म्हणाले, "मावशी, तुम्ही तर याच ना? तुमचीच मुलगी आहे!"

मावशींनी पट्टा सोडला. गिरणी हळूहळू गप्प झाली. "आठवडाभर तिला मीच बघते," त्या म्हणाल्या. "न्हाऊ घालते, भरवते, संडासला नेते. तू मला रविवारीसुद्धा तेच करायला बोलावतेस? एक दिवस कुणीतरी मला तिच्यापासून सोडवा ग. ते होत असेल तर ये." मुलगी तिथेच पोत्यावर बसली होती. तिने मान आमच्याकडे वळवली होती.

न्हाव्याच्या दुकानात नेहमीसारखे पाचसहा जण आरशासमोर बसून होते. मी दारातूनच सगळं घडाघडा सांगितलं.

"म्हणजे इंजिनाला डबे जोडायचेत," न्हावी म्हणाला. सगळे हसले, मीही थोडी हसले, कारण हसलं की लोक हो म्हणतात असा माझा अनुभव.

"आणि डिझेल कोण घालणार?" खुर्चीतला साबण लावलेला माणूस म्हणाला.

"चेष्टा नको काका. दर रविवारी फक्त दोन तास. नुसतं बाजूला उभं राहायचं. हात धरायचा."

न्हाव्याने वस्तरा पुसला. "एक विचारू? तुझा बाप उभा राहतोय का?"

"त्यांना चाक आहे."

"आम्हाला काय माश्या मारायच्यात? बापाने त्याला चाकाला बांधायचं आणि गावाने त्याचा हात धरायचा. छान आहे. जा घरी, बापाला विचार आणि मग ये."

मी लाल खोडरबर खिशात चुरगाळत परत आले. आणि बाबांना विचारलं मात्र नाही.

संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर सर दादाला शिकवायचे. सॅल्यूटला तीन बोटं वर राहायची नाहीत, पाचही उघडायची. शिट्टीत तो फुंकण्याऐवजी श्वास ओढायचा. गाठ तर विचारूच नका. पण एक गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी जमली. स्काउट एकमेकांना डावा हात देतात. "हृदय या बाजूला असतं ना, म्हणून," सर म्हणाले आणि त्यांनी आपला डावा हात पुढे केला. दादाने त्यात हात दिला, सरांनी तो दाबला, आणि दादाच्या तोंडावर असं काही उमटलं, की मी दुसरीकडे बघायला लागले.

त्यानंतर त्याने डावा हात सगळ्यांना द्यायला सुरुवात केली. मला, आईला, शेळीला, दाराच्या कडीला. बाबांपुढेही केला. बाबांनी तो कोपराने बाजूला सारला. "डावा हात पुढे करतो बापाला! हेच शिकवतात का तिथे?" दादा हात तसाच धरून उभा राहिला, मग स्वतःच्याच उजव्या हातात त्याने तो दिला.

ठेकेदार आला तो याच सुमारास. गावच्या मोठ्या विहिरीतला गाळ काढायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याची माणसं काम अर्धं टाकून निघून गेली होती. नवा दोर हवा म्हणून तो आला आणि चाकापाशी बराच वेळ उभा राहिला. दादा फिरवत होता. ठेकेदार त्याच्या दंडाकडे बघत होता.

"स्वयंसेवक शोधतेस म्हणे तू?" त्याने मला विचारलं.

"हो काका! चार हवेत."

"चार माझे घे. मुकादम आणि तिघं जण. दर रविवारी. फक्त पहिला रविवार विहिरीवर. सगळ्या गावाच्या पाण्याचं काम आहे, याहून मोठी सेवा कुठली असते? तुमच्या स्काउटात सेवा असतेच ना?"

असतेच! मी तिथल्या तिथे उडी मारली. बाबा काही म्हणणार होते. ठेकेदार त्यांना म्हणाला, "दोर तुमच्याकडूनच नेईन म्हणतो. पाऊस पडेपर्यंत." बाबा त्याचा दोर मोजायला लागले. सर जरा घुटमळले. त्यांना त्या रविवारी गटाच्याच कामासाठी शहरात जायचं होतं. "मी दुपारपर्यंत येतोच," ते म्हणाले. "तोवर चार मोठी माणसं आहेत म्हणा."

रविवारी सकाळी टेलरकाकांनी शिवलेले स्कार्फ मी आठही जणांच्या गळ्यात बांधले. चार मुलांच्या आणि चार स्वयंसेवकांच्या. दादाने प्रत्येकाला डावा हात दिला. मुकादमाने हसत हसत तो घेतला. मला वाटलं, माझं काम झालं.

मला मात्र त्यांच्याबरोबर जाता आलं नाही. दादा गेला तर चाकाला कुणीतरी हवं, म्हणून बाबांनी मला दांड्यापाशी उभं केलं. आईने दांड्याला तेल लावलेली चिंधी गुंडाळलेली असते, तरी सूर्य डोक्यावर यायच्या आत माझे तळहात भाजल्यासारखे झाले. खांद्यात कुणी खिळा ठोकतंय असं वाटायला लागलं. मी थांबले. त्या टोकाकडून बाबांची अस्पष्ट आरोळी आली. मी फुंकर मारली, पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबले. बाबा तरातरा चालत आले. हातातला वाख दाखवत म्हणाले, "पीळ बघ, काय करून ठेवलंयस! मी दोर ओढला होता का?"

"हात दुखला, बाबा."

"दुखला म्हणून कुणी थांबतं का?"

दुपारी मला सोडलं. मी पाण्याची बाटली घेतली आणि धावत विहिरीवर गेले.

लांबूनच हसण्याचा आवाज येत होता. झाडाखाली चौघे स्वयंसेवक गळ्यात स्कार्फ घालून चहा पीत बसले होते. ठेकेदार होता, न्हावीही आला होता, आणि दुकानातली ती सगळी मंडळी. दोन मुलं गाळाच्या ढिगाशी चिखलाने माखून झोपली होती. गिरणीवाल्या मावशींची मुलगी उन्हात बसून दोराचं एक टोक दोन्ही हातांत घट्ट धरून होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, धरून बस. दोराचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं.

काम जेवणाच्या वेळीच थांबलं होतं. विहिरीत उतरलेली माणसं वर आली होती, टोपली काढली होती, रहाटावरचा दोरही सोडून घेतला होता. आणि दादा रिकामा रहाट फिरवत होता.

"बघ बघ, अजून चालूच," त्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत साबण लावून बसलेला तो माणूस म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं, चहा होईपर्यंत टिकेल?"

"मी तर संध्याकाळ धरलीय," न्हावी म्हणाला. "मला हरवू नकोस रे इंजिना!"

"दादा, थांब!" मी ओरडले.

तो थांबला नाही. थांबणार कसा? दोरच नव्हता. मी त्याच्या खांद्याला धरलं, त्याने मलाही घेऊन दांडा फिरवला. मी त्याच्या तोंडासमोर गेले. ओठ पांढरे पडले होते आणि नजर माझ्यातून पलीकडे गेली होती. त्या रहाटाचा दांडा लोखंडी होता, गंजका. त्याच्यावर काहीतरी लाल लाल लागलं होतं. आधी मला वाटलं, गंजच आहे.

मी माझ्या गळ्यातला पथकाचा स्कार्फ उपसला. दांडा वर गेला, खाली आला, वर गेला. तो खाली येताना मी त्याच्यात स्कार्फ अडकवला, त्याच्याबरोबर वाकत, उठत एक गाठ मारली आणि जोर लावून ओढलं. एकदा. दोनदा.

दादा थांबला.

त्याने दांडा सोडला तेव्हा तळहाताची कातडी दांड्यालाच राहिली. तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसला आणि त्याने डावा हात पुढे केला. मला तो घेता येईना. कुठे धरू?

"छे, घालवलीस मजा," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुम्हाला थांबवता आलं नाही?" मी वळून विचारलं. "तुम्ही स्वयंसेवक आहात ना?"

"थांब म्हटलं की! किती वेळा ओरडलो," मुकादम म्हणाला. तो खरं बोलत होता, मला माहीत होतं. "थांबतच नाही तर आम्ही काय करणार? असं कसलं माणूस असतं? घरी सांगायला नको?"

"त्याला काही होत नाही ग," ठेकेदार म्हणाला. "चिंधी बांध, उद्या बघ कसा पळतो."

तेवढ्यात सर सायकल रेटत आले. त्यांनी दादाचे हात पाहिले, ठेकेदाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "असं नको होतं व्हायला." फक्त एवढंच.

"मग घेऊन जा तुमची पोरं," ठेकेदार म्हणाला. "माझी माणसंही मला परत द्या." चौघांनी गळ्यातले स्कार्फ काढून चहाच्या किटलीवर टाकले.

आधी त्या तिघांना घरी सोडलं. मावशींच्या मुलीच्या हातातलं टोक सोडवायला मला तिचं एकेक बोट उलगडावं लागलं. मग सरांनी दादाला सायकलवर बसवलं. वाटेत मला म्हणाले, "आता एकही माणूस नाही आपल्याकडे. वर काय कळवू मी?" न्हाव्याने मला विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात फिरत होता, रिकाम्या रहाटासारखा.

घरी आलो तेव्हा बाबा चाकाला तेल घालत होते. दादा सायकलवरून उतरला, सरळ त्यांच्यापुढे गेला आणि त्याने डावा हात पुढे केला. उघडा, लाल, चिखल भरलेला.

बाबांनी तो हात बराच वेळ पाहिला. उजवाही उलटा करून पाहिला.

"उद्या चाक कोण फिरवणार?" ते म्हणाले.

सर निघून गेले. आईने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. फाडल्याचा आवाज फार मोठा झाला. ती मनगटाने दादाच्या गालावरचा चिखल पुसत होती आणि म्हणत होती, "सांगितलं होतं. चाकापाशी बरा आहे म्हणून सांगितलं होतं की नाही?" दादाला पट्टी बांधताना दुखत होतं, पण तो हात मागे घेत नव्हता. कुणी त्याला दोन हिसके दिले नव्हते ना.

मी उठले. माझ्या स्कार्फला रक्त लागलं होतं, तो मी तसाच गळ्यात घातला.

"चाक मी फिरवणार," मी म्हणाले. "शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर."

"सकाळी पाहिलं ना मी, किती फिरवलंस ते," बाबा म्हणाले.

"आणि रविवारी पण मीच. कारण रविवारी तुम्ही घरी नसणार, बाबा. तुम्ही दादाबरोबर सरांकडे उभे राहणार."

"मी?"

"तुम्ही. गळ्यात स्कार्फ घालून, न्हाव्याच्या दुकानावरून चालत जायचं. बाकीची तीन माणसं मी त्यानंतर मागेन. तुम्ही उभे राहिलात की मला मागता येतील."

"टकळे, तोंड सांभाळ," आई म्हणाली, पण पट्टीची गाठ तिच्या हातून सुटली.

"आणि आणखी एक," मी म्हणाले. "मी चाकापाशी असताना दोर ओढू नका. मी दमले की थांबणार. हात दुखला की थांबणार. मग पीळ सुटला तरी चालेल. आणि याचे हात बरे झाले की यालाही मी तेच शिकवणार आहे. काठी न घेता."